पूर ओसरल्यावरचे अठ्ठेचाळीस तास

कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात फुटाच्या भाषेत बोलतो. "किती झालं?" असं कुणी विचारलं, की समोरचा राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगणार, हे ठरलेलं. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५६ फुटांच्या आसपास पोचली. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, आंबेवाडी, चिखली, तिकडे शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड अशा कितीतरी ठिकाणच्या घरांनी दोन वर्षांत दोनदा पूर पाहिला.

पाणी चढताना आपण इंच इंच मोजतो. उतरलं की मात्र मोजायचं थांबतो. चिखल काढला, फरशी धुतली, दोन दिवस पंखा लावला, झालं. पण भिंतीत शिरलेलं पाणी तिथेच असतं. त्या पाण्यावर जो पाहुणा येतो तो म्हणजे बुरशी, आपल्या बोलीत 'बुरा'. हा पाहुणा किती वेळात येतो आणि त्याला दारातच कसं अडवायचं, हे या लेखात पाहू. थोडं गणित आहे, पण ते अकरावी-बारावीच्या पुढचं नाही.

बुरशी येते कुठून?

खरं म्हणजे ती येत नाही, ती आधीच हजर असते. बुरशीचे बीजाणू इतके बारीक असतात की ते हवेत तरंगत राहतात. आपल्या हॉस्टेलच्या खोलीत, मेसमध्ये, लायब्ररीतल्या धुळीत, सगळीकडे ते आहेत. ते कोरडे असतात तोवर निपचित पडून राहतात, अगदी वर्षानुवर्षं. त्यांना जागं व्हायला चार गोष्टी लागतात: हवा, खाद्य, बेताचं तापमान आणि पाणी.

हवा आपण बंद करू शकत नाही. तापमान म्हणाल, तर कोल्हापूरच्या पावसाळ्यातलं पंचवीसच्या आसपासचं तापमान बुरशीला अगदी मानवतं. खाद्य म्हणजे लाकूड, प्लायवूड, कागद, पुठ्ठा, कापूस, चामडं आणि डिस्टेंपरमधला चिकट पदार्थ. सिमेंट किंवा विटेत तिला खायला फारसं काही नसतं, पण पुराच्या पाण्यासोबत आलेला गाळ भिंतीवर बसला की तीही सोय होते. राहता राहिलं पाणी. चारांपैकी एवढी एकच गोष्ट आपल्या हातात आहे. म्हणून बुरशीशी लढाई ही औषधाची नसून सुकवण्याची आहे.

पाणी किती आहे यापेक्षा मोकळं किती आहे?

गुळाची ढेप घ्या. गुळात पाणी असतं, तरी कोरड्या दिवसांत त्याला बुरा येत नाही. पावसाळ्यात मात्र ढेपीला पाझर सुटतो आणि मग बुरा धरतो. लोणचं तर ओलंच असतं, पण मिठाने त्यातलं पाणी धरून ठेवलेलं असतं. त्यात कुणी ओला चमचा घातला की चार दिवसांत वर पांढरी साय दिसते आणि आई शंख करते. म्हणजे एकूण पाणी किती, हा मुद्दा नाही. बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी किती, हा मुद्दा आहे.

भिंतीच्या बाबतीत हे मोजायची सोपी खूण म्हणजे पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता. ती ८० टक्क्यांच्या वर सतत राहिली की घरात आढळणाऱ्या बहुतेक बुरशींचं काम सुरू होतं. काही चिवट जाती ७० ते ७५ टक्क्यांवरही हळूहळू वाढतात. म्हणूनच पूर न येताही पावसाळ्यात हॉस्टेलमधल्या चामडी बुटांवर, पट्ट्यावर आणि ट्रंकेतल्या कोल्हापुरी चपलांवर हिरवट भुरकट थर दिसतो.

तास आणि दिवस

आता मूळ प्रश्न, किती वेळात? ओल भरपूर असेल तर काही बीजाणू बारा ते चोवीस तासांत फुगून कोंब काढतात. डोळ्यांना तेव्हा काहीच दिसत नाही. तिथून बारीक तंतू खाद्यात शिरतात. गादी, पुठ्ठा, पुस्तकं अशा पौष्टिक मालावर तीन-चार दिवसांत ठिपके दिसू लागतात. रंगवलेल्या भिंतीवर साधारण आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. ओल्या प्लायवूडवर आणि पुठ्ठ्यावर येणारी चिकट काळी बुरशी त्याहून सावकाश येते, तिला बरेच दिवस सतत चिंब जागा लागते. आर्द्रता ८० टक्क्यांच्या जरा वर असेल तर हाच प्रवास काही आठवड्यांचा होतो.

म्हणूनच जगभर एक ठोकताळा सांगितला जातो: भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकवली तर बहुतेक वेळा बुरशी येतच नाही. त्यानंतर मात्र अडवण्याचं काम संपतं आणि काढण्याचं सुरू होतं. २००५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहर कतरिना वादळाने बुडालं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये तिथल्या ११२ घरांची पाहणी झाली, तेव्हा ५१ घरांत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी होती. तिथेही लोक घरं बंद करून बाहेर गेले होते आणि पाणी लवकर हटलं नव्हतं.

आपल्याकडे घड्याळ दोनदा सुरू होतं

अठ्ठेचाळीस तासांचा नियम पाइप फुटलेल्या घरासाठी ठीक आहे. आपल्याकडचा पूर तसा नसतो. २०१९ मध्ये अनेक घरांत पाणी आठवडाभर थांबलं. माणसं शिबिरात किंवा नातेवाइकांकडे, घराला कुलूप. मग अठ्ठेचाळीस तास मोजायचे कधीपासून?

पाण्याखाली बुडालेल्या भागात ही बुरशी वाढत नाही, कारण तिला हवा लागते. त्या भागाचं घड्याळ पाणी उतरल्यावर सुरू होतं. पण पाण्याच्या रेषेच्या वरचा भाग बघा. खाली तळं, दारं-खिडक्या बंद, आत कोंडलेली दमट हवा आणि केशाकर्षणाने भिंतीतून वर चढणारी ओल. त्या भागाचं घड्याळ पाणी घरात शिरलं त्याच दिवशी सुरू झालेलं असतं. म्हणून कुलूप उघडल्यावर पहिली बुरशी बऱ्याचदा पाण्याच्या खुणेच्या वर दिसते, कपाटाच्या मागे आणि माळ्यावर सुरक्षित म्हणून ठेवलेल्या गाठोड्यांवरसुद्धा. "इथवर पाणी आलंच नव्हतं, मग हे कसं?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

केशाकर्षण किती? त्रिज्या दहा मायक्रॉनची केशनलिका धरली तर सूत्राने पाणी सुमारे दीड मीटर चढतं. खऱ्या भिंतीत बाष्पीभवन चालू असतं, त्यामुळे ओल तेवढी चढत नाही. पण पाण्याची रेषा म्हणजे ओलीची रेषा नव्हे, हे लक्षात ठेवायला एवढं पुरे.

भिंत किती पाणी पिते?

चला, हिशेब मांडू. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर जाडीची विटेची भिंत. एक चौरस मीटरचं वजन कोरडं असताना अंदाजे ३९० किलो. साध्या विटेने चोवीस तासांत २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं आपल्या मानकाला चालतं. आपण कंजूषपणे १२ टक्केच धरू. म्हणजे चौरस मीटरला ४७ लिटर. भिंत तीन मीटर लांब आणि पाणी दीड मीटर उंच, म्हणजे साडेचार चौरस मीटर. एका भिंतीत सुमारे २१० लिटर पाणी! अंगणातलं दोनशे लिटरचं बॅरल उचलून भिंतीत ओतल्यासारखंच हे झालं.

हे पाणी बाहेर काढायचा मार्ग एकच, हवा. २५ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्के असेल तर २०.७ ग्रॅम आधीच भरलेली असते, म्हणजे नवीन वाफेला जागा फक्त २.३ ग्रॅमची. २१० लिटर न्यायला किमान ९१ हजार घनमीटर हवा हवी. तीन बाय चार मीटरच्या आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. म्हणजे खोलीतली सगळी हवा अडीच हजार वेळा बदलायला हवी, तीही प्रत्येक वेळी पूर्ण भरून बाहेर जाते असं गृहीत धरून. आर्द्रता ५० टक्के असेल तर हेच काम पाचशे वेळांत होतं. पाचपटीचा फरक! "उघडीप मिळू दे, मग सुकेल" असं म्हातारी माणसं म्हणतात, त्यामागे हे गणित आहे.

आता गंमत पाहा. तीच ९० टक्क्यांची हवा ५ अंशांनी तापवून ३० अंशांवर नेली, तर तिची आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते आणि नवीन वाफेला जागा २.३ ऐवजी ९.७ ग्रॅम होते, म्हणजे चौपट. त्यामुळे थोडी उष्णता आणि खेळती हवा एकत्र दिली तरच भर पावसात भिंत सुकते. नुसता पंखा बंद खोलीत लावला तर तो तीच दमट हवा फिरवत बसतो.

उष्णता द्यायची म्हणून गॅसची शेगडी मात्र लावू नका. एक किलो एलपीजी जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीतच येतं. कोळशाच्या शेगडीने बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि तो जीव घेतो. विजेचा हीटर चालेल, पण वायरिंग तपासून झाल्यावरच.

गणपतीच्या आत रंग?

इथे आपलं पंचांग आडवं येतं. २०१९ मध्ये ऑगस्टच्या मध्यावर पाणी उतरलं आणि २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. २०२१ मध्ये जुलैअखेर पाणी उतरलं आणि १० सप्टेंबरला गणपती. गणपती येणार आणि घर असं कळकट? कुणाच्याही मनाला पटणार नाही. मग उसनेपासने करून पुट्टी आणि ऑइल पेंट मारला जातो. भिंत हाताला कोरडी लागलेली असते, म्हणून फसगत होते.

भिंत दोन टप्प्यांत सुकते. आधी पृष्ठभागावरचं पाणी झपाट्याने उडतं. मग आतलं पाणी बारीक छिद्रांतून वाट काढत बाहेर येतं, आणि हा टप्पा फार संथ असतो. जाडीच्या इंचाला एक महिना, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी चार-साडेचार महिने धरा. त्याआधी वर वाफ न सोडणारा रंग मारला तर पाणी आत कोंडतं. दोन महिन्यांत फुगवटे, मग पोपडे, आणि पोपड्याखाली बुरा. पूरग्रस्त घराचे पैसे दुसऱ्यांदा पाण्यात जातात ते इथे, आणि या वेळी दोष नदीचा नसतो.

यावर तोड जुनीच आहे, चुना. साधा चुना वाफ अडवत नाही. शिवाय ताजा असताना तो तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे बुरशीला काही काळ तरी तिथे थारा मिळत नाही. म्हणून गणपतीला चुन्याचा हात मारा, मखर छान सजवा. दसरा-दिवाळीला ऑक्टोबरचं ऊन भिंतीला फुकट मिळतं, ते मिळू द्या. पुट्टी आणि ऑइल पेंट पुढच्या उन्हाळ्यात. बाप्पा रागावणार नाही.

ओळख परेड

भिंतीवर दिसणारं सगळं बुरशी नसतं. पांढरी, कुरकुरीत पूड दिसली तर बोटाला पाणी लावून चोळा. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार. तो विषारी नाही, पण आत ओल आहे याची ती खात्रीची खूण आहे. पुसट, केसाळ किंवा ठिपक्याठिपक्यांची, कुबट वास येणारी असेल तर बुरशी.

आणखी एक गैरसमज. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनानंतर होणाऱ्या म्युकरमायकोसिसला सगळीकडे 'काळी बुरशी' म्हटलं गेलं. पाठोपाठ जुलैत पूर आला. भिंतीवरचे काळे डाग पाहून लोक हबकले तर नवल नाही. पण ते दोन्ही एक नव्हेत. म्युकरच्या रोगात काळी पडते ती मेलेली पेशी. तो रोग मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा मारा आणि खचलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना झाला. भिंतीवरच्या बुरशीने नेहमी होतं ते वेगळं: शिंका, खोकला, डोळ्यांची आग आणि दमेकऱ्याला धाप. दमा असलेली माणसं, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी बुरशी साफ करताना त्या खोलीत थांबू नये. घाबरायचं नाही, पण हलक्यातही घ्यायचं नाही.

कामाचा क्रम

१. मेन स्विच बंद आहे याची खात्री करूनच घरात शिरा. मग दारं-खिडक्या सताड उघडा.

२. आधी काढा ती पाणी धरणारी वस्तू: गाद्या, उशा, पुठ्ठे, फुगलेलं प्लायवूड. पुरात भिजलेली कापसाची गादी वाचत नाही. जीव तुटतो, पण टाका. स्टील, काच, प्लास्टिक थांबू शकतं.

३. गाळ ओला असतानाच काढा आणि भिंत स्वच्छ पाण्याने धुवा. ओल्या भिंतीवर पुन्हा पाणी, हे उलटं वाटेल, पण गाळ म्हणजे खाद्य. २०१९ मध्ये शहराची पाणी उपसा केंद्रंच बुडाली होती आणि नळ कोरडे पडले होते. म्हणून टँकरचं पाणी आलं की पिण्याचं बाजूला काढून धुण्याचं नियोजन आधीच करा.

४. कपाटं भिंतीपासून वीतभर लांब ओढा. मागची बंद हवा हेच बुरशीचं माहेर.

५. बुरशी दिसली तर कोरडी खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी आणि ओलं फडकं. ब्लीच टणक पृष्ठभागावर चालतं. लाकडात किंवा प्लास्टरमध्ये ते खोल जात नाही. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

६. मार्कशीट, सात-बारा, फोटो: स्वच्छ पाण्यात हलकेच विसळा, चिकटलेली पानं ओढू नका, मध्ये कोरे कागद घाला आणि पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. दोन दिवसांत सुकणार नसतील तर पिशवीत घालून कोरड्या भागातल्या नातेवाइकाच्या फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवल्याने बुरशी मरत नाही, पण थांबते, आणि सावकाश सुकवायला वेळ मिळतो. १९६६ मध्ये इटलीत फ्लोरेन्स शहर बुडालं, तेव्हा ग्रंथालयांतली पुस्तकं तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांत नेऊन सुकवली होती. २०१९ मध्ये सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं. पुस्तकांचं घड्याळ भिंतीपेक्षा कितीतरी वेगाने पळतं.

आपण काय करू शकतो?

पूर आला की आपली पोरं मागे राहत नाहीत. तालमीची असोत, मंडळाची असोत की एनएसएसची, खराटा आणि घमेलं घेऊन पळतात. यापुढे जाताना सोबत तीन स्वस्त गोष्टी न्या.

पहिली, फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी. चारही कडा बंद करून ते भिंतीला लावायचं आणि चोवीस तासांनी बघायचं. आतून थेंब दिसले किंवा भिंत काळवंडली तर रंगाचं नाव काढायचं नाही. दुसरी, दोन साधे थर्मामीटर. एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि दोन्ही वाऱ्यावर धरा. पंचवीस अंशांच्या हवेत दोघांतला फरक अडीच अंशांहून कमी आला तर आर्द्रता ८० च्या वर आहे, भिंत सुकत नाहीये. तिसरी गोष्ट खडू. भिंतीवर ओलीची रेषा आणि तारीख लिहून ठेवा. दर आठवड्याला रेषा किती उतरली ते घरच्यांना कळतं आणि रंगाऱ्याला "अजून नको" असं सांगायला त्यांच्या हाती पुरावा असतो.

सराव करायला पुराची वाट बघायची गरज नाही. हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या गळक्या कोपऱ्याला आजच एक प्लास्टिकचा तुकडा चिकटवा. आकडे लिहून ठेवा आणि रेक्टर सरांना दाखवा. निदान बाथरूमशेजारची खोली रंगवायची की आधी पाइप दुरुस्त करायचा, एवढा निर्णय तरी त्यावरून होईल.